चार बोटं

सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलची एक भिंत रिकामी होती, आणि ती माझ्या बायकोच्या, अनघाच्या डोळ्यांत सलायची. मी मरीन इंजिनिअर. जहाज टोगोच्या लोमे बंदरात लागलं, तेव्हा सीमा ओलांडून घानातल्या अग्बोझुमेला जाऊन आलो. विणकामाचं, बाजाराचं छोटं गाव.

तिथे एका म्हाताऱ्या विणकराच्या मागावरची लाल-हिरवी पट्टी मनात भरली. तिचे उभे धागे अंगणभर ताणलेले, टोकाला फळीवर जड दगड. जेवढं विणून होईल तेवढा दगड विणकराकडे घसटत येतो.

"अजून तीन दिवस," तो म्हणाला. "दगड पोचू दे."

मला संध्याकाळी जहाज गाठायचं होतं. घाई माझ्या पाचवीलाच पुजलेली. तो नको नको म्हणत असताना मी खिशातल्या चाकूने धागे कापले.

तो ओरडला नाही. दगडाकडे बघत राहिला. "तो निघालाय," एवढंच म्हणाला.

घरी आल्यावर पट्टी हॉलच्या त्या भिंतीवर टांगली. दुसऱ्या दिवशी विणलेला भाग चार बोटं वाढला होता, सुटे धागे तेवढेच कमी. मी मोजपट्टी लावून बघितलं, नुसत्या डोळ्यांवर माझा विश्वास नसतो. जेवणाचं टेबलही भिंतीकडे चार बोटं सरकलं होतं.

"पपा, टेबल वॉक ऑलरेडी लाह," सहा वर्षांची इरा म्हणाली. मीही हसलो.

शनिवारी दुपारी आम्ही जेवत असताना टेबल सुटलं आणि पट्टीखालच्या भिंतीवर आदळलं. मध्ये अनघाचा हात होता. काकडी मोडावी तसं हाड मोडलं. मी टेबल मागे ओढलं, तर ते पुन्हा आदळलं. पुन्हा. त्याच हातावर. वरणात रक्त उडालं.

मी पट्टी ओरबाडून काढली, चाकूने तुकडे केले आणि किचनमधल्या रबिश शूटमध्ये, कचरा टाकायच्या त्या नळकांड्यातून अकरा मजले खाली फेकले. टेबल थांबलं.

पुढचे दोन दिवस मी फर्निचरभोवती खडूने खुणा करून मोजत होतो. काहीच हललं नाही. मी निर्धास्त झालो.

आज सकाळी प्लास्टरमधला हात सांभाळत अनघाने किचनमधून हाक मारली. आवाज फाटला होता.

शूटचं झाकण उघडं होतं. इरा त्याच्यासमोर, फ्रिजचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी.

"इरा, इकडे ये."

"आय नेव्हर वॉक, पपा," ती रडत म्हणाली. "आय स्टँड ओन्ली."

मी खाली पाहिलं. तिच्या टाचांमागे फरशीवर दोन ओल्या लाल रेघा होत्या.

चार बोटं लांब.