काचेतला कोरडा रस्ता

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. त्या गाडीत पुढच्या सीटवर मी स्वतः बसलो होतो. खरं मानायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला मात्र ती सोय नाही.

मागच्या वर्षीचा दसरा नुकताच झाला होता. संध्याकाळ, दिवे लागायची वेळ. कळसाडीहून शहाद्याकडे जाणारा रस्ता.

माझा पुतण्या हेमकांत गाडी चालवत होता. मागच्या सीटवर त्याची बायको दीपमाला आडवी पडली होती. तिचं डोकं मांडीवर घेऊन माझी वहिनी, म्हणजे हेमकांतची आई कौसाबाई बसली होती.

दीपमालाला आठवा महिना होता. आणि दुपारपासून रक्त थांबत नव्हतं.

गाव मागे पडलं आणि पाऊस आला. आडवा, झोडपणारा.

हेमकांतने वायपर सुरू केले.

एक फेरा झाला... आणि समोरची काच ताकासारखी पांढरी झाली.

"काहीच दिखी नही ऱ्हायनं, नाना!"

मी काचेवर बोट फिरवलं. ती आतून स्वच्छ होती. बाहेरून मात्र तेलकट चकाकी.

"रबरले तेल लावं का रे तू?"

"पूजाले लावं ना. दसराले गाडी चमकाले जोयजे!"

मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. गल्लीतल्या पोरांना गाडीपाशी उभं करून वायपरही शिकवला आहे. रबराची कड बोटाने चाचपायची. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर कडक होतं, चिरतं, म्हणून ते वेळेवर बदलायचं. पुसायचं ते साध्या ओल्या फडक्याने. तेल कधीच लावायचं नाही. ते काचेवर पसरतं आणि समोरचा उजेड फुटतो. पोरं लगेच समजतात. हेमकांतला सांगायचं राहून गेलं.

मी उतरलो. उपरण्याने काच घासली. तेल आणखीच पसरलं.

परत बसलो, तेवढ्यात वायपर खर्र करून ओरडला. जुनं रबर पट्टीतून सुटून लोंबत होतं. नुसतं लोखंड काचेवर ओरखडत होतं. हेमकांतने बटण बंद केलं आणि डोकं खिडकीबाहेर काढून गाडी हाकू लागला.

"इन्हं आंग थंडं पडी ऱ्हायनं!" मागून वहिनी ओरडली. "चालाड रे बापा, चालाड!"

तेव्हा तो आवाज आला.

फस्स... फस्स...

मऊ, ओला. नव्या रबराचा आवाज.

मी बटणाकडे पाहिलं. बंद. वायपर खाली निपचित पडलेले.

आणि माझ्यासमोरची काच हळूहळू साफ होत होती...

एक कमान. अगदी स्वच्छ. तिच्यातून रस्ता दिसत होता.

पण त्या रस्त्यावर पाऊस नव्हता.

कडेचा कापूस कोरडा. धूळ कोरडी. पुढे नाल्यावरची फरशी, तो बिनकठड्याचा बुटका पूल, तीही कोरडी ठणठणीत.

हेमकांतने करकचून ब्रेक दाबला.

"नाना, फरशीवर पानी शे!"

"नाही रे... कोरडी आहे."

"डोकं बाहेर काढा ना!"

मी काढलं. समोर गढूळ पाणी धो धो वाहत होतं. डोकं आत घेतलं, तर काचेतून फरशी कोरडी.

आम्ही दोघं उतरलो. हात धरून पुढे गेलो. पाणी गार होतं, गुडघ्याला लागलं, पाय ओढू लागलं. मी स्वतः त्यात उभा होतो.

गाडीपाशी आलो तेव्हा दीपमाला बोलली. डोळे मिटलेले, डोकं वहिनीच्या मांडीवर. तिला समोरची काच दिसणं शक्यच नव्हतं.

"कोरडं शे ना नाना... चला ना."

हेमकांत माझ्याकडे बघत होता. रडत होता.

"सांगा ना, नाना. काय करू?"

काच म्हणत होती जा. पायांना पाणी लागलं होतं. गाडीत चार जीव... नाही, पाच.

"वळव," मी म्हणालो. "लांब पडेल, पण म्हसावदकडून जाऊ."

गाडी वळली. त्याच क्षणी कमान धूसर झाली. आवाज थांबला. पुन्हा काही दिसेना. हेमकांत चालवत राहिला, डोकं बाहेर, तोंडावर पाऊस झेलत.

शहाद्याच्या दवाखान्यात दीपमाला वाचली.

बाळ पोटातच गेलं होतं. "थोडं आधी आणायला हवं होतं," एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नंतर एकदा छगन भेटला. त्याचं शेत त्या फरशीला लागून आहे. त्या संध्याकाळी पाणी केव्हा उतरलं, असं मी त्याला विचारलं.

तो चकित झाला.

"कसानं पानी, गुरुजी? मी अंधार पडेपर्यंत तठेच व्हतू, बकऱ्या लिसनी. पाऊस उना, पन फरशीवर पानी चढनंच नही."

"अरे, आम्ही त्या पाण्यात उभे होतो."

छगनने मान हलवली.

"तुमनी गाडी तठे उनीच नही, गुरुजी."

मग आम्ही कुठे उतरलो होतो? आमचे कपडे गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले होते. ते वहिनीने स्वतः धुतले.

दीपमालाला मी छगनचं काही सांगितलेलं नाही. ती आता बरी आहे. हसते, कामं करते.

पण पाऊस लागला की दारात येते, माझ्या शेजारी उभी राहते आणि हळूच विचारते...

"नाना, खरं सांगा. रस्ता कोरडा व्हता ना?"