काकांनी सुचवलेली मालिका

बाबांची खोली मी २०१६च्या जुलैमध्ये भाड्याने दिली. ते मार्चमध्ये गेले. चार महिने मी त्या खोलीचं दार लावून ठेवलं होतं, आणि मग एके दिवशी लक्षात आलं, की स्वयंपाकघरात जाताना मी त्या दाराकडे पाठ करून, भिंतीला घासून जाते. हे बरं नव्हतं. वन-नॉर्थमधल्या एका संशोधन संस्थेत मी आकडे तपासते. पुरावा नसेल तर नाही म्हणायचं, हे माझं काम आहे. सिंगापूरमधल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर मी दोन ओळी टाकल्या. आठवड्याभरात निशिगंधा आली.

पुण्याची, सव्वीस वर्षांची, सॉफ्टवेअर कंपनीत. दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन आली. दर रविवारी लिटिल इंडियाला जाऊन कढीपत्ता, नारळ, पोहे आणायची आणि बुकित पंजांगहून चार-दहाची एलआरटी, म्हणजे इथली छोटी लोकल, पकडून घरी यायची. मला ती 'मैत्रेयीताई' म्हणायची. मी फार बोलत नाही हे तिच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. "ताई, तुम्ही इतक्या शांत असता," ती म्हणाली, "की या घरात खून झाला तर पहिला संशय तुमच्यावरच."

आमचा फ्लॅट फजार स्टेशनच्या अलीकडे, पाचव्या मजल्यावर. एलआरटीचा रूळ खांबांवरून जातो आणि आमच्या इमारतीच्या इतका जवळ येतो, की गाडीतल्या माणसाला आमच्या ताटातलं दिसावं. म्हणून तिथे आल्यावर गाडीच्या काचा आपोआप दुधाळ होतात. वीसेक सेकंद. वळण संपलं की पुन्हा स्वच्छ. निवृत्तीनंतर बाबांना त्या गाडीत बसून एक पूर्ण फेरी मारायची सवय लागली होती. आयुष्यभर जहाजावर राहिलेल्या माणसाला बसून राहिलं तरी काहीतरी हलत असावं लागतं, असं ते म्हणायचे.

ते चीफ इंजिनिअर होते. सहा-सहा महिने समुद्रावर. जहाज सोडताना आपल्या जागी येणाऱ्या माणसासाठी टिपण लिहून ठेवायचं असतं: कुठला पंप कुरकुरतो, कुठल्या व्हॉल्ववर विसंबायचं नाही. येणारा कोण हे कधी कधी माहीतही नसतं. टिपण नावाला नसतं, जागेला असतं. बाबांनी मला मालिका सुचवल्या त्या अशाच टिपणांनी. जहाजावर हार्ड डिस्क या हातातून त्या हातात फिरायच्या, आणि बाबांना त्यातल्या फक्त गुप्तहेरांच्या मालिका हव्या असत. त्यातही अशाच, ज्यात तपास करणारे दोघे आहेत, एक पुरुष, एक बाई, आणि दोघांमध्ये काहीतरी आहे जे दोघेही बोलत नाहीत.

"खुनी कोण ते सोड," ते सांगायचे. "भाग पाच, बत्तिसावं मिनिट. तिला थंडी वाजते आणि तो कोट काढत नाही. काढायला हात नेतो, आणि काढत नाही. तेवढं बघ." त्यांचं म्हणणं असं, की त्या गोष्टींमध्ये माणसं मरतात ती या दोघांसाठी. कोणी मेलंच नाही तर हे दोघे भेटणार कसे?

आई गेल्यावर आम्ही दोघेच उरलो. ते जहाजावर असले तर रविवारी चार वाजता फोन, घरी असले तर चार वाजता चहा, आणि विषय तोच. पंधरा वर्षं.

शेवटची मालिका त्यांनी मला जानेवारीत सांगितली. एका थंड देशातलं बंदरगाव, विधुर इन्स्पेक्टर आणि शवचिकित्सा करणारी डॉक्टर. मी तेव्हा दर रविवारी अनिमेषबरोबर, माझ्या तेव्हाच्या मित्राबरोबर, बाहेर असायचे. घरी आले की बाबा विचारायचे, आणि मी म्हणायचे, बघतेय. ते खुलून एकेका प्रसंगाबद्दल बोलत राहायचे आणि मी योग्य ठिकाणी मान हलवायचे. मी एकही भाग पाहिला नव्हता. मार्चमध्ये एका सकाळी ते खुर्चीतच गेले. नंतर अनिमेषही सोडून गेला, पण ते वेगळं.

ऑगस्टच्या शेवटी निशिगंधा हॉलमध्ये टीव्ही बघत होती. पडद्यावर बंदर होतं, बर्फ होता. मी तिला विचारलं, हे कुठून काढलंस. तिने पोह्यांचा घास घेत सहज सांगितलं, की गाडीत एक मराठी काका भेटतात, त्यांनी सुचवलं. ती फोनवर काहीतरी बघत असते, ते शेजारी येऊन बसतात. तिने इअरफोनमधून आवाज जरा मोठा ठेवला होता, म्हणून बोलणं सुरू झालं.

"मजेशीर आहेत," ती म्हणाली. "खुनाबद्दल बोलतच नाहीत. नुसती मिनिटं सांगतात."

मी उठून भांडी घासायला गेले. बाबांनी फेऱ्या मारताना कोणाला तरी हीच मालिका सांगितली असेल, त्याने हिला सांगितली. सिंगापूरमध्ये मराठी माणसं किती? हे शक्य होतं. मी तसं मनाशी नोंदवलं.

पुढच्या रविवारी ती म्हणाली, काकांच्या तोंडाला लवंगेचा वास येतो. बाबांनी सिगारेट सोडल्यापासून दाढेत लवंग असायची. त्याच्या पुढच्या रविवारी ती म्हणाली, काकांनी सांगितलंय, दुसरा सीझन सोडू नकोस, तिसऱ्या भागात एकोणिसावं मिनिट, पुलावरचं.

मी तारीख शोधली. दुसरा सीझन ऑगस्टमध्ये आला होता.

मी कपाटातून बाबांचा एक फोटो काढला आणि तिच्यासमोर धरला. ती लगेच हसली.

"हेच. तुम्ही ओळखता त्यांना?"

"थोडंफार," मी म्हणाले.

मी का खोटं बोलले ते मला नीट माहीत आहे. भीती वाटली असती तर मी खरं सांगितलं असतं. मला भीती वाटली नव्हती. ते माझे वडील आहेत हे कळलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं, मग तिने मला त्या भेटींमधलं थोडं देऊ केलं असतं, आणि मला तिच्या हातून ते नको होतं. पंधरा वर्षांचे रविवार माझे होते. ती दोन महिन्यांपूर्वी कुकर घेऊन आली होती.

त्यानंतर मी तिच्याकडे लक्ष ठेवू लागले. ती हसली की कशाला हसली. रविवारी ती किती वाजता निघाली. दार उघडून आत आली की तिच्या अंगाला कसला वास येतो. ती मला काय काय सांगायची आणि काय सांगत नसेल. एकदा ती म्हणाली, काका म्हणतात, तुझ्याशी बोलायला बरं वाटतं, तू खरंच बघतेस. मी त्या संध्याकाळी तिच्याशी बोलले नाही. तिला वाटलं माझं डोकं दुखतंय. तिने आल्याचा चहा करून दिला.

दोन रविवार मी तिच्याबरोबर गेले, लिटिल इंडियापर्यंत आणि परत. चार-दहाच्या गाडीत तिने मला तिची जागा दाखवली, डब्याच्या टोकाला, खिडकीशी. शेजारची जागा रिकामी राहिली. काचा दुधाळ झाल्या, निवळल्या. ती म्हणाली, "आज आले नाहीत वाटतं." मग मी दोन रविवार तिला सांगून एकटी गेले. त्या दोन्ही रविवारी ती घरी थांबली. कोणीही आलं नाही. तिसऱ्या रविवारी ती गेली, मी घरी राहिले, आणि ते आले.

टिपण जागेला असतं. मी ती जागा भाड्याने दिली होती.

नोव्हेंबरमध्ये मी तिला सांगितलं की माझा भाऊ येणार आहे, खोली लागेल. मला भाऊ नाही. तिने विचारलं, "ताई, माझं काही चुकलं का?" मी नाही म्हणाले. तिने क्लेमेंटीला खोली शोधली. त्या बाजूला आमची गाडी जात नाही, हे मी आधीच पाहून ठेवलं होतं. निघताना लिफ्टपाशी बॅगा ठेवून ती परत आली. काकांना सांगायचं राहिलं, म्हणाली, की मी इथून जातेय. भेटले तर सांगाल का?

सांगेन, मी म्हणाले.

मी माझं अंथरूण बाबांच्या खोलीत हलवलं. रविवारी लिटिल इंडियाला गेले. कढीपत्ता आणि नारळ घेतला, चार-दहाची गाडी घेतली, तिच्या जागेवर बसले. ती बसायची तशी मांडीवर फोन धरला, इअरफोनचा आवाज जरा मोठा ठेवला आणि पहिला भाग लावला. अकरा महिने उशिरा.

मालिका चांगली होती. ते म्हणाले होते तशीच.

तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी डब्यात माणसं कमी होती. पेंडिंग स्टेशन गेलं, मग बांगकित. आमची इमारत आली, काचा पांढऱ्या झाल्या. शेजारची बैठक किंचित दबली.

लवंग.

मी मान वळवली नाही. ते मला ओळखतील याची भीती वाटली, आणि ओळखणार नाहीत याची जास्त. नजरेच्या कडेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता, गुडघ्यावर हात होता. मी स्क्रीनकडे बघत राहिले.

"कुठवर आलीस, निशिगंधा?"

माझ्या ओठांवर दुसराच शब्द आला होता. मी तो गिळला.

"दुसरा सीझन, काका. तिसरा भाग."

"मग पूल झाला बघून."

"झाला."

"ती काही बोलत नाही तिथे."

"तोही नाही," मी म्हणाले. "तो फक्त तिच्या बाजूला येऊन उभा राहतो. वाऱ्याच्या बाजूला."

ते हसले. श्वासातून, आवाज न करता. ते हसणं मी नऊ महिन्यांनी ऐकत होते. वीस सेकंद केव्हाच होऊन गेली होती. काचा पांढऱ्याच होत्या.

"बरोबर बघितलंस," ते म्हणाले. "माझ्या मुलीलाही सांगितली होती ही. बघते म्हणाली."

मी मांडीवरचा फोन सरळ केला.

"नाही बघितली. मला कळायचं ते." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "पण ऐकून घ्यायची बिचारी. आता नाही सांगत तिला. तिला वेळ नसतो."

स्क्रीनवर मालिकेतले ते दोघे काहीतरी बोलत होते. मला ऐकू येत नव्हतं. मला एवढंच हवं होतं, की त्यांनी एकदा म्हणावं. कोणालाही उद्देशून का होईना.

"काय नाव तिचं, काका?"

"हं?"

"तुमच्या मुलीचं."

गुडघ्यावरची बोटं हळूहळू हलू लागली, एकेक करून, मोजल्यासारखी.

"थांब हं," ते म्हणाले.

काचा कडेने निवळायला लागल्या. आमची गॅलरी दिसली, वाळत घातलेले कपडे दिसले.

"आठवेल," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी सांगतो तुला."

मी माझं नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते पुढच्या रविवारी आले नसते, असं मला वाटतं.

आज त्यानंतरचा सातवा रविवार. त्यांना अजून आठवलेलं नाही.