जब्बारची थापी

"अर्जुनराव, भगवानरावानं माह्यी थापी ठेवून घेतली!" जब्बार मिस्त्रीचे डोळे भरून आले. "पायाच्या कामात चोरी केली म्हणते, तेही भर चावडीवर. गावाले हे खरं वाटलं, तं जानेफळात मले कोणी वीट लावू देणार नाही!"

अर्जुनराव म्हणजे मेहकरचे खासगी गुप्तहेर. त्यांनी टोपी चढवली आणि जब्बारसोबत जानेफळची वाट धरली. मित्र शेषरावही निघाले. जेवायची वेळ झाली होती ना!

भगवानराव लेकाच्या लग्नाआधी घराला एक खोली वाढवत होते. भिंत छातीएवढी झाली आणि मंगळवारी सकाळी अंगणाकडचा कोपरा वीतभर खचला.

अर्जुनरावांनी तिथं उकरून पाहिलं. पाया अडीच हात, थेट मुरमात. चुन्यात नख शिरेना.

"मंग शेजारच्या पंजाबरावानं खणलं असंन!" भगवानराव गरजले. "बांधावरून भांडते तो!"

कुंपणापलीकडे पंजाबराव बैलगाडीतून ट्रंक उतरवत होते. "मी काऊन खणू? आठ दिवस सासुरवाडीले होतो!"

अंगणभर चुन्याची धूळ होती. फक्त भिंतीपासून चार हातांवर परातीएवढा गोल शेणानं ताजा सारवला होता. ओट्यावर लांब दोराला बांधलेला कंदील होता.

भगवानरावांच्या घरच्या शालूबाईंनी जेवायला वाढलं. पहिल्याच घासाला शेषरावांचं तोंड वाकडं झालं.

"वहिनी, भाकर आंबूस लागून राह्यली!"

शालूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं आढ्याकडे.

अर्जुनराव हसले. "भगवानराव, पेव कधी उपसलं?"

भगवानरावांनी घास ताटात ठेवला.

"असा वास पेवात, जमिनीतल्या खोल खड्ड्यात ठेवलेल्या ज्वारीलेच येते. पेवात उतरण्याआधी हवा विषारी तं नाही, हे पाहाले कंदील सोडतात. अन् तोंड बुजवलं की वरून सारवतात."

"सोमवारी उपसलं," भगवानराव पुटपुटले. "सरकारचे लेव्हीवाले धान्य न्याले येणार म्हणून ज्वारी दुसरीकडं लपवली. पण तोंड तं भिंतीपासून चार हात दूर हाय!"

"तोंड दूर हाय. पोट रांजणासारखं फुगलेलं, थेट कोपऱ्याखाली. ज्वारी होती तोवर तिनं भार पेलला. सोमवारी ती गेली, मंगळवारी कोपरा बसला. मिस्त्रीले पेव सांगितलंच कोणी?"

भगवानराव उठले आणि आतून थापी घेऊन आले. जब्बारनं हात पुढे केला, पण भगवानरावांनी थापी सोडली नाही.

"इथं नाही. चावडीवर चाल."

"अहो, तिथं लेव्हीचे साहेब बसेल हायेत!" शालूबाई कळवळल्या.

"बसू दे. मिस्त्रीचं नाव मी तिथंच घालवलं," भगवानराव म्हणाले, आणि जब्बारच्या खांद्यावर हात टाकून चालू लागले.