चौथं घर

शमिका धनावडेने अजिंक्य मयेकरला पहिल्याच भेटीत गप्प केलं, तेही एका बोटाने.

ती गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत, पालथ्या बादलीवर लॅपटॉप मांडून बसली होती. पुण्याच्या कंपनीची मीटिंग चालू होती, साहेब बोलत होते, आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये धड रेंज मिळणारी जागा तेवढी एकच. तेवढ्यात जिन्यातून एक उंच माणूस धुतलेली चादर घेऊन वर आला आणि "अहो, ही दोरी—" एवढंच म्हणाला. शमिकाने त्याच्याकडे न बघताच ओठांवर बोट ठेवलं. तो जिथे होता तिथेच थांबला. साहेबांचं बोलणं लांबलं… तो हलला नाही. शेवटी तिने लॅपटॉप मिटून मान वर केली, तर ओली चादर पोटाशी कवटाळून तो तसाच उभा, आणि शर्टाचं पार पोतेरं झालेलं.

"चादर वाळत घालायला आलो होतो," तो म्हणाला. "आता मलाच वाळत घालावं लागणार."

शमिका हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, त्यामुळे ते हसू तिला स्वतःलाच जरा परकं वाटलं.

हसण्यासारखं घरात फारसं काही उरलं नव्हतं. वडिलांची, म्हणजे आबांची, मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. देवरुखच्या पलीकडच्या गावातून ये-जा झेपेना, म्हणून ती त्यांना घेऊन रत्नागिरीत, नाचणे गावाच्या पुढे सड्यावरच्या, उघड्या कातळावरच्या या बिल्डिंगमध्ये राहायला आली. घरून काम करायला कंपनी तयार होती. पण तिच्या तुटणाऱ्या आवाजाला साहेब कंटाळले होते. दिवाळीपर्यंत घरी पक्की लाइन घ्या, नाहीतर पुण्याला ऑफिसात येऊन बसा, असं त्यांनी अगदी प्रेमाने सांगितलं होतं. ती पुण्याला गेली तर आबा कोणाजवळ? आई नाही, भाऊ नाही. गावी मामा होता. त्याच्याकडे माया होती, डायलिसिसचं यंत्र नव्हतं.

मग शमिका स्थळं बघावीत तशी नेटवाले बघायला लागली. सरकारी स्थळ खानदानी, पण रस्ता रुंद करताना त्याची तार उखडली गेली होती आणि ती कधी जोडणार, ते सांगायला कोणी घरी सापडत नव्हतं. दुसरं मोठ्या शहरातलं, गच्चीवर डबा बसवून हवेतून नेट देणारं. बोलायला गोड, पण फोनवर दर वेळी नवीच मुलगी; आणि ढग दाटले की डबा मौनात जातो, हे शेजारच्या बिल्डिंगवाल्यांनी आधीच कानावर घातलं होतं. तिसरा गावातला, हरिश्चंद्र केबलवाला. मोटरसायकलला तारांचं वेटोळं आणि अंगात सदैव चुरगळलेला शर्ट. पण तार तुटली तर स्वतः शिडी घेऊन येतो, असं विचारलं त्या प्रत्येकाने सांगितलं. शमिकाने त्याला पसंत केलं. त्याची अट एकच होती: चार घरं मिळाली तर सड्यावर लाइन ओढेन, एका घरासाठी खांब मारत बसणार नाही.

फ्लॅट भरपूर होते, माणसं नव्हती. मालक सगळे मुंबईला. गणपतीत दारं उघडली, आरत्या झाल्या, मोदक झाले, आणि विसर्जनानंतर कुलपं परत लटकली. बारमाही राहणारी घरं चारच. एक शमिकाचं, एक तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या गोदाताईंचं, एक बँकेतल्या दर्शनाचं, आणि चौथं तिसऱ्या मजल्यावरच्या मयेकरांचं. गोदाताई आणि दर्शना लगेच हो म्हणाल्या. मयेकर नाही म्हणाला.

"मी मिरकरवाडा बंदरात, बर्फाच्या कारखान्यात असतो," त्याने कारण दिलं. "बर्फ काय ऑनलाइन गोठत नाही."

"मॅच बघा मग."

"हरताना बघवत नाही."

"सिनेमे बघा."

"एकट्याने?" त्याने विचारलं, आणि प्रश्न फारच पुढे गेला असं वाटून घाईघाईने कपड्यांच्या चिमट्यांकडे वळला.

नकार देणाऱ्या माणसाने इतकं रोज दिसू नये. ऑक्टोबरचं ऊन टाकीच्या सावलीत शिरायला लागलं, तर याने कुठून तरी ताडपत्री आणून बांधली. कारखान्यात उशिरा जायचं असलं की वर येऊन उगाच दोरी ताणून बघायचा. आईने केलेले घावणे आणायचा आणि उरले होते म्हणायचा. गरम घावणे कधी उरतात का? 'अहो'चं 'अगं' कधी झालं, ते दोघांच्याही लक्षात आलं, दोघांनीही दाखवलं नाही.

विम्याचे दावे तपासायचं तिचं काम. कोण खरा आजारी आणि कोण कागदावरचा, हे ती चटकन ओळखायची. त्याच आत्मविश्वासाने तिने अजिंक्यला चिक्कू ठरवलं. आवडला तर आवडला, पण चिक्कू.

एका सकाळी त्याची आई, मालनकाकी, दारात उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावरून उतरून आल्याने धापा टाकत होती.

"गो बाय, लायनीत माजं घर धर. हरिश्चंद्राला मी सांगून मोकळी झालंय. मोठ्याला इचारत बसू नको."

मग तिने बसून सगळं सांगितलं. धाकटा बाबू जहाजावर. तिथून साधा फोन लागत नाही, नेटवरचाच लागतो, आणि या बिल्डिंगला नेट नाही; गच्चीवरच्या तुटक्या रेंजवर चेहरा दिसत नाही, असं मोठा सांगतो. त्याचे मेसेज अजिंक्यच्या फोनवर कारखान्यात येतात, आणि तो संध्याकाळी ते वाचून दाखवतो. गुडघा कसा आहे विचारतो, गोळ्या वेळेवर घे म्हणतो, शेवटी एक पापा देतो. ऐकून समाधान होतं, पण लेकाचं तोंड बघून किती महिने झाले… लाइन आली की दिसेल.

शमिकाला अजिंक्यचा खराच राग आला. त्या दिवशी तो वर आला तेव्हा तिने हातचं काही राखलं नाही. आईला लेकाचं तोंड दिसावं म्हणूनसुद्धा याच्या खिशातून हात निघत नाही, असं ती म्हणाली. सख्ख्या भावाच्या बाबतीतही एवढा चिक्कूपणा?

अजिंक्य दोरीवरचे चिमटे एकेक काढत राहिला. दोरीवर कपडे नव्हतेच.

"बाबू नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"शिमगा झाला आणि बातमी आली. जहाजावरून पडला. त्यांनी शोधलं… सापडला नाही."

बातमी आली तेव्हा आई हृदयाच्या दुखण्याने दवाखान्यात होती. धक्का देऊ नका, डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर सांगू, असं त्याने ठरवलं. मग गोळ्या बदलल्यावर. मग पाऊस उघडल्यावर. दापोलीजवळ मुरुडला, त्यांच्या गावात, सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर तिला घेऊन तो इथे भाड्याने आला. गणपतीलाही घाट सोसणार नाही म्हणून गावी नेलं नाही. बाबूचा फोन का नाही, असं तिने एकदा फारच विचारलं तेव्हा मेसेज आलाय म्हणाला. एक ओळ होती. दुसऱ्या दिवसापासून ती वाट बघायला लागली.

"लाइन आली की ती म्हणेल, लाव त्याला," तो म्हणाला. "मग मी कोणाला लावू?"

शमिकाने त्याच्या मुठीतले चिमटे काढून घेतले.

दुसऱ्या दिवशी डायलिसिसच्या खोलीत ती आबांच्या कॉटशी बसली. नळीतून रक्त बाहेर जात होतं, धुऊन परत येत होतं. ती गप्प राहिली असती तरी काम होणार होतं. घर काकींनी आपणहून दिलं होतं, तिने मागितलं नव्हतं. हिशेब तिच्या बाजूने चोख बसत होता, आणि नेमकं तेच तिला खुपत होतं. आबांना डोळा लागल्यावर ती बाहेर आली, हरिश्चंद्रला फोन करून मयेकरांचं घर धरू नका म्हणाली. मग लाइन येणार नाही, तो म्हणाला. ठाऊक आहे, ती म्हणाली. नंतर तिने मामाला फोन लावला.

हरिश्चंद्र गप्प बसणारा माणूस नव्हता. संध्याकाळी ऊन कलायच्या आत अजिंक्य गच्चीवर आला.

"तू आमचं घर काढलंस."

"तुला नकोच होतं ना?"

"आणि आबा?"

"मामा न्यायला येतोय. गाडी करून डायलिसिसला आणत जाईल. जमेल तेवढे दिवस."

"नाही जमणार."

"ते मलाही कळतं," शमिका म्हणाली. "पण काकींना ही बातमी माझ्या वायरीतून मिळायला नको. ती तू द्यायची. कधी द्यायची ते तू ठरव… आज नको असेल तर नको."

तो पालथ्या बादलीवर बसला.

"कितीदा तोंड उघडलं," तो म्हणाला, "आणि बाबूचा मेसेज वाचून दाखवला. तू येशील खाली?"

त्याने आधी डॉक्टरांना फोन केला. सांगा, पण गोळी हाताशी ठेवा, ते म्हणाले. गोळी शमिकाने मुठीत धरली.

काकी स्वयंपाकघरात खाली बसून कोळंबी सोलत होती. अजिंक्य तिच्यासमोर बसला आणि त्याने आडवळण न घेता सांगितलं. तिचे हात थोडा वेळ चालूच राहिले, मग थांबले.

"ते मेसेज?"

"मी लिहायचो."

"पापा?"

"…तोही."

काकीने पदराला हात पुसले. छातीवर हात नेला नाही, हंबरडा फोडला नाही. कधी, एवढंच विचारलं. शिमग्यानंतर, तो म्हणाला. ती मनातल्या मनात महिने मागे मोजत गेली असावी, कारण मध्येच कुठेतरी तिचा चेहरा बदलला.

"म्हणजे पितरांचा म्हाळ होऊन गेला," ती म्हणाली. "समद्यांनी आपापल्या मेल्यांना वाडी दाखवली, कावळ्याला पान ठेवलं. आनी मी गच्चीवर बसून कावळे हाकलत होते रे… वाळत घातलेली मासळी खातात म्हणून. माजा पोर उपाशी कुणाच्या दारात बसला असंल?"

अजिंक्यने सगळ्याची तयारी ठेवली होती. शिव्यांची, रडण्याची, धावतपळत दवाखान्यात न्यायची. याची नव्हती. आईचं काळीज जपता जपता भावाच्या नावाने त्याने एक घाससुद्धा बाजूला ठेवला नव्हता, आणि हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याने आईच्या पुढ्यात कपाळ जमिनीला टेकलं. मग काकी रडली, ते तळमजल्यावर गोदाताईंना ऐकू गेलं.

सकाळी दोघं मुरुडला निघाली. आबांना गावी न्यायचं ठरलंय, हे काकीच्या कानावर गेलं होतं. फाटकाशी ती शमिकाजवळ थांबली, मुलाकडे पाठ करून.

"ह्याला सांग, हरिश्चंद्राला आमचं घर दे म्हणावं. तुज्या बापाला गावी धाडू नको."

दोन पावलांवर उभ्या असलेल्या अजिंक्यने ते ऐकलं आणि तिथूनच फोन लावला.

गावी देहावाचून, दर्भाचा पुतळा करून बाबूचं सगळं केलं गेलं. इकडे हरिश्चंद्र बंद बाल्कन्यांवरून तार ओढत चार दारांपर्यंत पोचला. मामाला येऊ नको म्हणून कळवलं. साहेबांचा आवाज आता इतका स्वच्छ यायला लागला, की तुटत होता तेच बरं होतं, असं शमिकाला दिवसातून एकदा तरी वाटायचं. गच्चीवर जायचं काही कारण उरलं नव्हतं. ती तरी जायची.

दिवाळीच्या तोंडावर तो एकटाच परतला. डोक्यावर टोपी, गाल आत गेलेले.

"काकी बोलतात?"

"नाही. जेवायला वाढते. ताट पुढे सरकवते आणि भिंतीकडे बघते."

शमिका कठड्याला टेकली. डॉक्टरांनी परवा तिला बाजूला घेतलं होतं, आबांचं शरीर आता यंत्रालाही दमतंय म्हणाले होते. हे तिने अजून कोणाला सांगितलं नव्हतं, त्याला सांगितलं. मग विचारलं, "आबांचं काही तुला आधी कळलं, आणि मी तेव्हा मोडकळीला आलेली असले… तर लपवशील?"

आधीचा अजिंक्य पटकन 'नाही' म्हणाला असता. हा थांबला.

"लपवावंसं वाटेल," तो म्हणाला. "पण सांगेन. त्याच दिवशी. तोंडावर."

"आणि आज काही सांगायचं असलं तर?"

त्याने टोपी काढली. भादरलेल्या डोक्यावर केसांचे काळे खुंट उगवायला लागले होते.

"तू मला आवडतेस. आणि आई परत बोलली नाही तर मी कसा जगेन ते मला ठाऊक नाही. दोन्ही आजचीच आहेत… म्हणून एकदमच सांगितली."

तिने त्याच्या डोक्यावर तळवा ठेवला. खुंट टोचले. तिने हात काढला नाही.

"दापोलीची पहिली एसटी कधी असते?"

"पहाटे. का?"

"रविवारी आबांचं डायलिसिस नसतं, दर्शना थांबेल त्यांच्याजवळ. मी येते मुरुडला," शमिका म्हणाली. "मला वाढताना तरी त्यांना माझ्याकडे बघावं लागेल. तू माझ्या अगदी शेजारी बस."