इंद्रजितदादाचं खातं

लवळ्याच्या टेकडीवरच्या त्या कॉलेजात मेलचा सर्व्हर बदलला आणि मागं उरलेला सगळा गुंता एकट्या गौतमीच्या गळ्यात पडला. कुणाचा पासवर्ड चालेना, प्राचार्यांच्या फोनवर मेल येईनात. आठवडाभर शिव्या खात ती एकेक गाठ सोडवत होती.

एक गाठ मात्र सुटेना. वसतिगृहातल्या मुलींसाठी गुप्त तक्रारपेटी होती. तिच्यातला मेल फक्त गौतमीनं वाचायचा. पण नवा सर्व्हर सांगत होता, की प्रत्येक तक्रारीची एक प्रत आणखी कुठंतरी निघते आणि न पोहोचता परत येते. सकाळीच ऋतिकाची तक्रार आली होती, थेट रेक्टरबाईंविरुद्ध. "तुझं नाव कुणाला कळणार नाही," असा शब्द गौतमीनं तिला दिला होता.

तिनं जुन्या सर्व्हरवरून जसाच्या तसा आलेला नियम उघडला. प्रत इंद्रजितदादाच्या खात्यावर जात होती.

हे काम तिला इंद्रजितनंच शिकवलं होतं. काही अडलं की म्हणायचा, "मी बघतो. तू निवांत राहा." पौड रस्त्यावर अपघातात तो गेला, तेव्हा ती सख्ख्या बहिणीसारखी रडली होती. वर्षश्राद्ध होईपर्यंत दादाचं खातं पुसायचं नाही, हा हट्टही तिचाच. श्राद्ध झालं, खातं पुसलं, जुन्या सर्व्हरच्या डिस्क काढल्या आणि त्याचं खोकं अडगळीत गेलं.

दादा असताना तक्रार करणारी मुलगी बघता बघता वसतिगृह सोडून का जायची, ते आता तिला कळलं. दादाचा रोजचा चहा रेक्टरबाईंकडं असायचा. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. तिला त्याचा भयंकर राग आला आणि स्वतःच्या रडण्याची लाज वाटली.

तिनं नियम पुसला. पान पुन्हा उघडलं, तर नियम तिथंच. पुन्हा पुसला. पुन्हा होता.

फक्त परत येणारे मेल थांबले होते. म्हणजे प्रती पोहोचत होत्या. ऋतिकाचीसुद्धा.

शिपाई कोंडाजींना घेऊन ती जुना सर्व्हर बघायला अडगळीच्या खोलीत गेली. खंडेनवमीला त्यांनीच घातलेला झेंडूचा हार सर्व्हरवर वाळून काळा पडला होता. विजेची वायर गुंडाळून बाजूला ठेवलेली. डिस्कच्या जागी नुसते रिकामे कप्पे.

कोंडाजींनी खोक्यावर हात ठेवला आणि झटकन मागं घेतला.

"म्याडम, ह्ये गरम हाय."

"उन्हानं तापलं असेल."

"हितं ऊन कुटं येतंय?"

गौतमीनं हात लावून पाहिला. आत काहीतरी बारीक घरघरत होतं.

"चला म्याडम," कोंडाजी दाराकडं सरकत म्हणाले. "हितं थांबायला नगं."

दारात ऋतिका उभी होती. रडून डोळे सुजलेले.

"ताई, तुम्ही शब्द दिला होता."

"काय झालं?"

"रेक्टरबाईंनी खोली रिकामी करायला सांगितलीय. आजच. माझा मेल वाचून दाखवला मला."

"ऋतिका, मी कुणाला काही—"

"मग हे काय?"

तिनं फोन पुढं केला. तक्रारपेटीतून तिला उत्तर आलं होतं, आत्ताच, गौतमी या खोलीत उभी असताना.

'मी बघतो. तू निवांत राहा.'

कोंडाजींनी वाकून वाचलं.

"ह्ये तर इंद्रजितसायबांचं बोलनं," ते पुटपुटले.

खाली सही गौतमीची होती.