हिरवे म्यान

खंडेनवमीची पहाट शिळवणगडावर उतरली, तेव्हा खालचे खोरे धुक्याने काठोकाठ भरले होते आणि नगारखान्यावर पडलेली तांबूस तिरीप हळूहळू सदरेच्या पायऱ्यांकडे सरकत होती. पायऱ्यांवर तेगे, पट्टे, कट्यारी पूजेसाठी मांडल्या जात होत्या. खोगिरे-म्याने शिवणाऱ्या जिनगराच्या लहानशा कारखान्यात मात्र उमाई एका लाल म्यानाला शेवटचा टाका घालीत होती. दोन वर्षे ती याच टाक्याची वाट पाहत होती.

दोन वर्षांपूर्वी दिंडी दरवाजातून गनीम आत शिरला. मोठ्या शर्थीने त्याला मागे रेटले, पण दरवाजाचा नाईक चांगोजी, उमाईचा धाकटा भाऊ, अडसरापाशी मरून पडलेला सापडला. अडसर आतून काढलेला, आणि प्रेताखाली गनिमाच्या मुलखातले हिरव्या चामड्याचे उंची म्यान, रिकामे. किल्लेदार रायाजीरावांनी तर्क लढवला की फितुरीच्या मोबदल्यात चांगोजीला कट्यार मिळाली, आणि काम साधताच देणाऱ्याने तीच त्याच्या पोटात घालून परत नेली. लोकांना तेवढे पुरे झाले. मेलेल्या माणसाला खुशाल फितूर म्हणावे. तो थोडाच उठून जाब विचारणार आहे?

रायाजीरावांनी ते म्यान उमाईच्या अंगावर भिरकावले. "घे, भावाची कमाई!"

उमाईने ते फडक्यात गुंडाळून चितेवर टाकले, असे सगळ्या गडाने पाहिले. फडक्यात होते ते दुसरेच, कारखान्यातले जुने म्यान. खरे तिने कातड्यांच्या ढिगाखाली दडवले. ते ज्याने शिवले त्याने ओले चामडे पात्यावरच ताणून वाळवले होते. पात्याला टोकाशी किंचित डावा बाक होता, म्हणून म्यानालाही होता. दुसरी कट्यार त्यात अर्ध्यावर अडे. नागवी कट्यार लावून कोणी सदरेवर येत नाही, आणि गडावर जिनगराचा कारखाना एकच. म्यानासाठी येणारे एकेक पाते उमाई त्यात घालून पाही, आणि दात आवळून आणणाऱ्याला मुजरा करी.

यंदा आश्विन लागताच सरनौबत जैतोजी आला. त्याच्या कट्यारीला नवीकोरी हस्तिदंती मूठ होती.

"बाई, दसऱ्याच्या दरबाराला साजेसं म्यान कर. मूळचं हरवलं."

तो गेल्यावर उमाईने पाते हिरव्या म्यानात सारले. ते मुठीपर्यंत गेले. तिच्या डोळ्यांत रक्त उतरले. चामडे कापायची रांपी उचलून ती दारापर्यंत गेलीही. पण फितुराच्या बहिणीने सरनौबत मारला एवढेच लोक म्हणतील, आणि चांगोजी जन्मभर फितूरच राहील, हे ध्यानी येताच ती मागे फिरली.

पूजा आटोपून भरल्या सदरेत तिने तबक पुढे केले. एकीकडे कट्यार, दुसरीकडे कलाबतूचे लाल म्यान.

"सरनौबत, आपल्या हातानंच म्यान करावी. समद्यांना बघू द्या कशी बसती ती."

जैतोजीने पाते सारले आणि मान डोलावली. "वाहवा! जणू हिच्यासाठीच शिवलेलं!"

"हिच्यासाठीच शिवलेलं हाय."

आणि त्याला कळायच्या आत तिने रांपी म्यानावरून उभी ओढली. लाल चामडे उसवून गळून पडले. आतून हिरवे म्यान उघडे झाले. त्याच्या तोंडाशी रक्ताचा काळवंडलेला डाग होता.

रायाजीराव आसनावरून उठले. "हे तर चितेत जळालं होतं!"

"जळालं ते दुसरं, सरकार. आपण माझ्या अंगावर फेकलंत ते हे. फितुरीची कट्यार कुणाच्या पदरात पडली, ते आता आपल्याच डोळ्यांनी बघा. यानं अडसर काढला, आन् माझा भाऊ आडवा आला."

"खोटं!" जैतोजी ओरडला. "ही मी गनिमाच्या प्रेतावरून लुटली!"

"मग लूट सरकारजमा का केली न्हाई? मूठ का बदललीत?"

जैतोजीचा हात कट्यारीवर गेला. ती उपसून तो उमाईवर धावला. पाते तिच्या खांद्यात शिरले, तरी तिने त्याचे मनगट दोन्ही हातांनी असे धरले की पहाऱ्याचे हशम धावून येईतो त्याला हात सोडवता आला नाही.

उन्हे डोक्यावर येण्याआधीच जैतोजीचा कडेलोट झाला. खांद्याला पट्टी बांधलेल्या उमाईसमोर रायाजीराव मान खाली घालून उभे राहिले. "अपराध आमचा आहे. माग, हवं ते माग."

"माझ्या म्हाताऱ्या आईला पालखीतून आणा. दोन वर्सं तुमच्या माणसांनी तिला टाक्यावर पाणी भरू दिलं न्हाई. भरल्या सदरेत तुमीच तिला सांगा."

पालखीला किल्लेदारांनी स्वतः खांदा दिला. म्हातारी सदरेवर टेकली, तेव्हा त्यांनी डोईचे पागोटे उतरवून तिच्यापुढे ठेवले.

"माय, तुमचा चांगोजी इमानी होता. त्याच्या मारेकऱ्याला आम्ही कड्यावरून लोटून दिलं."

म्हातारीने पागोट्याकडे पाहिलेही नाही. ती कड्याच्या दिशेने पाहत राहिली.

"लोटला?" ती म्हणाली. "मला आधी बोलवायचं हुतंत. मी लोटला असता."