कोंडाजीचा अंगठा

मोबाईल उलटे ठेवा रे पोरांनो. तो दिवा असू दे, अमावास्येची गोष्ट नाही ही. दोन हजार तेवीस, चौदा डिसेंबर, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, रात्रीचे सव्वानऊ. ज्याच्यावर गुदरली त्या डॉक्टर विनीतच्या हाताखाली मी सहा वर्षं रक्ताच्या नळ्या सांभाळल्यात. तेव्हा थापा समजू नका.

त्या रात्री विनीत अंबरनाथहून स्कूटरने कुळगावला निघाला, तो एका सहीसाठी. उल्हासनगरच्या एका इस्पितळात, आयसीयूत, लिव्हर निकामी झालेल्यांवर त्याचं संशोधन चालायचं. माणूस हुशार, पण आकड्याचा हावरा. साठ पेशंट हवे होते. साठावा कोंडाजी, कुळगावचा शेतकरी. पंधरा दिवस काविळीची माळ घालून घरी बसला आणि आणला तेव्हा विष मेंदूत चढून बेशुद्ध.

संशोधनात घ्यायचं तर चोवीस तासांत पेशंटची, नाहीतर घरच्यांची संमती लागते. बायको विठा खाली रक्ताच्या बाटलीसाठी रांगेत. ती तर त्याला घरी न्यायचं म्हणत होती, आपल्या ओट्यावर तरी जाऊ दे म्हणायची. वीस मिनिटं उरली होती. विनीतने बेशुद्ध कोंडाजीचं मनगट धरलं, विळ्याने कधीतरी तिरपा कापलेला त्याचा अंगठा शाईत दाबला आणि फॉर्मवर उठवला.

विठा वर आली तेव्हा तिला म्हणाला, "शुद्धीवर आले होते. अंगठा त्यांनीच दिला. इथेच राहतो म्हणाले."

तीन दिवसांनी कोंडाजी तिथेच गेला, नळ्यांच्या गुंत्यात. आषाढ होता.

आता सोमवारी तपासणीवाले येणार होते. अंगठा असला की शेजारी साक्षीदाराची सही लागते, आणि ती जागा कोरी. म्हणून ही खेप. आपण न पाहिलेलं पाहिलं असं त्या बाईने लिहून द्यायचं, बघा.

विठाने पाणी दिलं. सही करते म्हणाली, आणि शेजारणीकडे राहिलेला चष्मा आणायला गेली. विनीत ओट्यावर एकटाच बसला, मांडीवर फाईल.

वीज गेली.

भिंतीलगत एक बाज होती. मघाशी रिकामी होती. आता तिच्यावर कोणीतरी गोधडी ओढून पडलेलं.

बाज करकरली.

"डॉक्टर..."

विनीतने फाईल छातीशी धरली.

"जागा झालो तवा... काय बोललो मी?"

कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

"ती रोज इचारते..."

तो उठायला गेला. मनगटावर हात आला. गार. आवळलं नव्हतं, नुसतं धरलं होतं. विनीतने आयसीयूत कोंडाजीचं धरलं होतं, तसंच.

"काय सांगू तिला?"

तेवढ्यात विठा चार्जिंगचा दिवा घेऊन आली. बाजेवर कोणी नाही. गोधडीची घडी पायथ्याशी.

तिने चष्मा लावला, पेन घेतलं. आणि विनीतला दर फोनवर विचारायची तेच विचारलं.

"एकदाच सांगा साहेब. ते जागं झालं तवा माझं नाव घेतलं का?"

शरमेने विनीतची मान वर होईना. मनाची लाज म्हणतात ती त्याला त्या ओट्यावर कळली. शेवटी कसाबसा बोलला.

"ते जागेच झाले नाहीत, ताई. अंगठा मी उठवला. तुमच्यासाठी थांबलो नाही."

विठाने चष्मा काढला.

"पितरांत पान वाढलं त्यांचं, पन रागानं वाढलं. जागं झालं आनि माझी वाट बघितली नाय, म्हनून. पाच महिनं रुसलेय मी त्यांच्यावर."

एवढंच म्हणाली. पेनाला टोपण लावून ते त्याच्या हातात दिलं आणि बाजेवरची गोधडी उलगडून नीट पसरली.

सोमवारी विनीतने तपासणीवाल्यांना सगळं स्वतः सांगितलं. साठाचे एकोणसाठ झाले, संशोधन बंद पडलं.

पुढे मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, मी त्याला सहज विचारलं, साहेब, एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्या कशाला? त्याने उजवी बाही वर सारली.

मनगटाच्या आतल्या बाजूला जांभळ्या शाईचा अंगठा होता. स्पिरिटने मी स्वतः घासून पाहिला, जाईना. आणि मधोमध, तिरपी, विळ्याची चीर...